आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर म्हणून काय गळ्यात मारलं बघा

शाळांच्या खरेदीत असलेल्यांनी तरी वाचाच. आमच्या प्रयोगशाळेतल्या टेबलांवरच्या सॉकेटसाठी १ केव्हीए क्षमतेचे दोन आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घेतले. यात इनपुटचं वाइंडिंग (तारेचं वेटोळं, प्रायमरी) आणि आउटपुटचं (सेकंडरी) पूर्ण वेगळं असतं, म्हणून एका तारेला हात लागला तरी करंटला जमिनीकडे वाट मिळत नाही. १७,५०० प्रमाणे ३५,०००, वर १८ टक्के जीएसटी, एकूण ४१,३०० रुपये. निघाले दोन्ही ऑटो ट्रान्सफॉर्मर! एकच वाइंडिंग, इनपुटचा न्यूट्रल थेट आउटपुटला. म्हणजे पोराचा हात फेजला लागला तर करंटला जमिनीची वाट मोकळीच.

बसवणाऱ्याने माझ्यादेखत सॉकेटमध्ये टेस्टर घातला. उजव्या भोकात लख्ख पेटला, डाव्यात काही नाही. "बघा सर, फेज आला." आणि मी मान डोलावली! खऱ्या आयसोलेशनमध्ये आउटपुटची कुठलीच बाजू अर्थला बांधलेली नसते, मग एक भोक फेज आणि एक न्यूट्रल, हे येणार कुठून? पण प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर, खोकं सीलबंद, वर टेस्टिंगचं स्टिकर. तिथे कुणीही मान डोलावली असती.

पितळ उघडं पडलं ते करंट गळणाऱ्या एका हीटरमुळे. तो टेबलावर लावला आणि बोर्डातली ३० मिलिअँपची आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळला की सप्लाय तोडणारा स्विच) पडली. अहो, ट्रान्सफॉर्मर खरा असता तर त्याच्या पुढची गळती त्या आरसीसीबीला कळलीच नसती! मल्टिमीटर लावला, इनपुट-आउटपुटमध्ये सरळ बीप, म्हणजे दोन्ही आतून जोडलेले. सप्लाय काढून ही बीप आधी बघा, पैसे नंतर. आम्ही २०,००० आगाऊ देऊन बसलो होतो.

पोलीस चौकीत म्हणे, "बिलावर काय आहे? ट्रान्सफॉर्मर, २ नग. दिलेत की!" (बिलावर 'आयसोलेशन, प्रायमरी-सेकंडरी वेगळी' असं लिहूनच घ्या.) विजेच्या एका सरकारी कार्यालयात म्हणाले, खासगी खरेदी त्यांच्या कक्षेत नाही. दुसरीकडे साहेब जेवायला गेलेले, ते साडेचारपर्यंत जेवतच होते. अर्ज घ्यायचा, पण पोच द्यायची नाही, ही कुठली पद्धत? मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे म्हटलं, तर समोरचा विचारतो, "कुणाला शॉक बसलाय का?" म्हणजे बसल्यावर या!

असं कुणाचं झालं असेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाका. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. आणि हो, एका ट्रान्सफॉर्मरवर चार-चार सॉकेट काढू देऊ नका. खरा असला तरी एका उपकरणातला पहिला दोष कळत नाही आणि दुसऱ्यातला दुसरा जिवावर बेततो.

दुकानदाराला काल फोन केला. म्हणतो, "आरसीसीबी पडली ना सर? मग सेफ्टी चालतेय की!"