जुनी नॅरोबोट घ्यावी की जुन्यासारखी नवी बांधून घ्यावी?

नॅरोबोट, म्हणजे इंग्लंडच्या अरुंद कालव्यांतली लांबट बोट, घ्यायची हे नक्की आहे, आणि ती जुन्या मालवाहू बोटींच्या घाटाचीच, म्हणजे आकाराचीच, हवी हेही नक्की आहे. अडतं ते पुढे: खरोखर 1930 च्या दशकातली घ्यावी की तिची प्रतिकृती नव्याने बांधून घ्यावी? इंग्लंडमधल्या आपल्या ओळखीच्या मंडळींपैकी दोघा-तिघांनी मला हे विचारलं, म्हणून जरा ऐसपैस लिहितो. काठावर एकाच जागी चौदा दिवसांपेक्षा जास्त मुक्कामाची मनाई, चार वर्षांनी येणारी सेफ्टीची तपासणी, बुडाला काळा रंग लावायला बोट बाहेर काढणं, हे सगळं दोन्हीकडे सारखंच. ते तुम्हाला ठाऊक आहे असं धरून पुढे जातो.

मी प्रतिकृती घेतली. त्याआधी काही उन्हाळे एका मित्राच्या जुन्या बोटीवर हक्काने सुकाणू धरलं होतं, त्यामुळे दोन्हींची चव घेतली आहे. तरी माझं मत म्हणजे एका माणसाचं मत, तेवढ्याच वजनाने घ्या.

आधी जुनीच्या बाजूने बोलतो, कारण तिच्या बाजूने बोलण्यासारखं खूप आहे. ग्रँड युनियन कॅनॉल कॅरिइंग कंपनीने तिशीच्या दशकात मोठा ताफा बांधून घेतला. काही बोटी नॉर्थविचला यारवूडकडे, तर काही लंडनजवळ वुलिचला हारलँड अँड वुल्फच्या गोदीत. बेलफास्टला टायटॅनिक बांधणारी कंपनी तीच. कोळसा वाहायच्या बोटीलाही त्या लोकांनी जो घाट दिला, तो पाण्यात उतरल्यावर कळतो. मागची बाजू लांबवर निमुळती होत गेलेली असल्यामुळे पंख्याला (म्हणजे प्रोपेलरला) स्वच्छ पाणी मिळतं आणि काठाला लाट जवळजवळ जातच नाही. पाणी खोल असेल तर अशी बोट चालवण्यासारखं सुख नाही. पाणी उथळ असेल तर मात्र तिचा मागचा भाग खाली बसतो आणि इंजिन जितकं रेटाल तितकी ती हट्टाला पेटते. अशा वेळी वेग कमी केला की ती आपोआप पुढे सरकू लागते. हे कोणी सांगून पटत नाही, हाताला कळावं लागतं.

प्रतिकृतींमध्ये हा घाट साधणारे कारागीर आहेत, पण सगळेच नाहीत. जॉशरची नाळ, म्हणजे पुढचं टोक, घ्या. फेलोज मॉर्टन अँड क्लेटन या मालवाहू कंपनीच्या बोटींना जोशुआ फेलोजवरून जॉशर म्हणतात. तिच्या नाळेचा बाक दोन दिशांनी एकाच वेळी वळतो. चांगला कारागीर पत्रा रोलरमध्ये घालून, ठोकून, पुन्हा बघून तो बाक काढतो. घाईचा कारागीर सरळ पत्रे जोडतो आणि वर खोटे रिव्हेट चिकटवतो. रिव्हेट खोटे असायला माझी हरकत नाही, वेल्डिंगच्या बोटीला रिव्हेट लागतच नाहीत. पण जिथे दोन पत्रे एकमेकांवर येतच नाहीत तिथे रिव्हेटची रांग दिसली की मी ती बोट बघणं थांबवतो. ज्याला रिव्हेट कशासाठी असतो हे माहीत नाही, त्याने आत पाइप कसे टाकले असतील?

इंजिनाच्या बाबतीत मात्र जुनं आणि नवं यांची सरमिसळ झालेली आहे, आणि बरेच खरेदीदार इथे चकतात. जुन्या बोटीत मूळचं नॅशनल किंवा रसेल न्यूबेरी असेलच असं नाही. मध्ये कधीतरी ते काढून नवं जपानी इंजिन बसवलेलं असतं. उलट नव्या प्रतिकृतीत चाळीसच्या दशकातलं, नटबोल्ट न् नटबोल्ट खोलून पुन्हा उभं केलेलं गार्डनर किंवा लिस्टर मिळू शकतं. विहिरीवरच्या किर्लोस्करच्या इंजिनाचा तो सुटा सुटा ठोका ऐकत ज्यांचं बालपण गेलं, त्यांना इंजिनाच्या खोलीबाहेर पाच मिनिटं उभं केलं की निर्णय झालेलाच असतो. माझंही काहीसं तसंच झालं. पण तो ठोका मिळवायला अख्खी बोट जुनी घ्यायची गरज नाही, एवढंच लक्षात ठेवा. आणि बोलिंडर या आणखी जुन्या घाटाच्या इंजिनाच्या मोहात पडत असाल तर एकदा पहाटे कोणी ब्लोलँपने त्याचं डोकं तापवत बसलेलं बघून या. रिव्हर्ससाठी तिथे गिअर नसतो, इंजिनच उलटं फिरवायचं असतं. तुमच्या मागून लॉकमध्ये (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणाऱ्या दरवाज्यांच्या हौदात) येणाऱ्या माणसाला त्याचं कौतुक असेलच असं नाही.

लांबीचं थोडक्यात सांगतो. जुनी बोट साधारण 71-72 फूट असते. लीड्स अँड लिव्हरपूल कालव्याचे बरेच लॉक 62 फुटांच्या आसपास आहेत, काल्डर अँड हेबलचे त्याहून तोकडे. म्हणजे उत्तरेकडचा बराच मुलूख तुम्हाला बंद. प्रतिकृती 57 फुटांची बांधून घेतली तर जवळपास सगळीकडे जाते, पण बोटमनची केबिन आणि इंजिनाची खोली यांत सतरा-अठरा फूट गेल्यावर राहायला उरतं किती, हे कागदावर काढून बघा. घरात चार माणसं असतील तर हा हिशेब भावनांच्या आधी करावा.

रुंदीची गोष्ट जास्त गमतीची आहे. मालाच्या जागेत आडव्या साखळ्या असायच्या, त्या बोटीच्या दोन्ही कुशी, म्हणजे बाजू, आत ओढून धरायच्या. बोटीचं घर करताना त्या काढल्या गेल्या, आणि पुढच्या काही दशकांत अनेक बोटींचं अंग सुटलं. सात फुटांच्या लॉकमध्ये एक-दोन इंच म्हणजे थोडं नाही. लॅन्गॉलन कालव्याच्या तोंडाशी हर्ल्स्टनचं खालचं लॉक आहे. त्याच्या भिंती आत सरकल्या होत्या, त्यामुळे कित्येक जुन्या बोटी तिथूनच परत फिरायच्या. त्याच कालव्यावरचा, 1805 चा पाँटकिसिल्टे जलसेतू त्यांच्या नशिबी नसायचा. ते लॉक काही वर्षांपूर्वी नव्याने बांधलं. पण अरुंद लॉक ते एकच नाही. जुनी बोट बघायला जाल तेव्हा टेप घेऊन जा, आणि मधोमध मोजा. नाळेपाशी मोजलेलं माप नेहमी सुखद असतं.

पैशाचं म्हणाल तर नवी चांगली प्रतिकृती बांधून घ्यायला सहा आकडी पौंड लागतात आणि नावाजलेल्या कारागिराकडे रांगही लावावी लागते. जुनी बहुधा बऱ्याच कमी पैशांत मिळते. मग मात्र विमा कंपनी बोट पाण्याबाहेर काढून सर्व्हे मागते, पत्रा कुठे चार मिलिमीटरच्या खाली गेला की त्यावर दुसरा चढवा म्हणते, आणि चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला सुरू होतो. शिवाय नुसता पत्रा चढवला तर त्या सुंदर घाटावर ठिगळ, आणि नीट रिव्हेट मारून बदलायचा तर ते काम येणारी माणसं मोजकी. नव्या बोटीचं बूड दहा मिलिमीटरचं, कुशी सहाच्या. पुढली वीस वर्षं ही काळजी डोक्यात येत नाही. तरीही पैशावर हा निर्णय करू नका असंच मी म्हणेन. ज्याला जुनी हवी आहे तो हा खर्च हसत करतो, मी अशी माणसं पाहिली आहेत.

माझा निर्णय झाला तो वीड हॅचवर. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण झाला खरा.

आजकालच्या कुठल्याही नॅरोबोटीत मागच्या डेकखाली, पंख्याच्या बरोबर वर, एक चौकोनी पेटी असते. झाकण उघडलं की हात खाली घालून पंख्याला गुंडाळलेलं गवत, दोरी, प्लास्टिक कापून काढता येतं. मूळच्या मालवाहू बोटींना हे प्रकरण नसायचं. मालाने भरलेल्या बोटीचा मागचा डेक जवळजवळ पाण्याला टेकायचा, तिथे भोक पाडून ठेवायची कोणाची छाती होणार? ते लोक लांब आकड्याने बाहेरूनच काम उरकायचे. तेव्हा पाण्यात पिशव्या नव्हत्या.

बर्मिंगहॅमच्या कालव्यांत काय काय असतं हे तिथून गेलेल्यांना विचारा: गाद्यांच्या स्प्रिंगा, सायकली, तारा. आणि साड्या. 'पंख्याला साडी' ही तिथल्या बोटवाल्यांची जुनी तक्रार आहे, इंग्रज लोकही ती 'सारी' म्हणून अगदी सहज करतात. स्मेदिकच्या आसपास मित्राच्या बोटीचा ठोका एकदम जड झाला, चिमणीतून काळा धूर आला आणि सुकाणू हातात थरथरायला लागलं. इंजिन बंद केलं. दोराने बोट काठाला ओढली. काठाला म्हणजे काठापासून चार फुटांवर, कारण मागे अडीच-तीन फूट पाण्यात असलेली बोट तिथे त्याहून जवळ येतच नाही. मग मी डेकवर पालथा, मित्राने पाय धरलेले, आणि हातातला आकडा त्या गढूळ पाण्यात अंदाजाने फिरतोय. आकड्याला टोक लागलं आणि ओढल्यावर वितभर कापड वर आलं. मातकट झालेलं, पण काठ ओळखू येत होता, मोरपंखी, त्यात जरीची रेघ. नायलॉन. सुती असती तर कुजून तुटली तरी असती. बाकीची पाच-सव्वापाच मीटर दांड्याभोवती इतकी आवळून बसली होती की आकडा नुसता तिच्यावरून घसरायचा. थोडा वेळ हा प्रयत्न, थोडा वेळ इंजिन उलटं फिरवून बघ, पुन्हा पालथं. अंधार पडेपर्यंत चाललं होतं. काठावरून जाणाऱ्या एका मावशींनी 'काय हरवलंय का?' असं पंजाबीत विचारलं, त्यांना काय सांगणार!

पुढे माझी बोट बांधून झाली आणि त्याच कालव्यावर पंख्यात तसलंच कापड अडकलं. इंजिन बंद, किल्ली खिशात, झाकणाचा स्क्रू सैल केला, हात कोपरापर्यंत आत, पाव कापायच्या दातेरी सुरीने चार-पाच ठिकाणी कापलं. चहा गार व्हायच्या आत पुन्हा निघालो. पाणी थंडगार होतंच, बोटं बधिर झाली, पण सगळं माझ्या हाताखाली होतं.

जुन्या बोटीला हॅच बसवता येत नाही असं नाही, अनेकांनी बसवलं आहे. पण त्यासाठी ऐंशी-नव्वद वर्षांच्या मूळ पत्र्याला भोक पाडावं लागतं. मित्राला ते मान्य नव्हतं. त्याचं म्हणणं मला पटतंही: जी वस्तू आपल्यानंतरही राहायची आहे ती आपल्या सोयीसाठी कापू नये. फक्त हे पटलं म्हणूनच मला कळलं की जुन्या बोटीचा मालक व्हायला मी योग्य माणूस नाही. मला शनिवारी निघून रविवारी संध्याकाळी परत यायचं असतं, सोबत बायको-मुलं असतात, अधूनमधून पुण्याहून आलेली आई असते. तिला चार फुटांच्या अंतरावर टाकलेल्या फळीवरून न्यायचं म्हणजे वेगळीच कसरत. माझ्या बोटीचा मागचा भाग मी मुद्दाम थोडा कमी खोल ठेवायला सांगितला. त्याने ती खोल पाण्यात जुनीइतकी गोड चालत नाही. ते रोज जाणवतं, नाकारत नाही.

तुम्ही एकटे किंवा दोघं असाल, निवृत्त असाल, हाताला काम आवडत असेल आणि एखाद्या संध्याकाळी नियोजित गावाला पोहोचलो नाही तरी ज्यांचं बिघडत नाही अशांपैकी असाल, तर जुनीच घ्या. जूनमध्ये ब्राउन्स्टनला जुन्या बोटींचा मेळावा भरतो. तिथे एकामागे एक त्या येताना बघून माझंही मन अजून हलतं. बाकीच्यांना मी हळूच प्रतिकृतीकडे ढकलेन.

पण एक बघा. काही कारागीर प्रतिकृती तंतोतंत करायच्या नादात हॅच ठेवतच नाहीत, आणि काही ठेवतात पण इतकी खोल आणि अरुंद की हात पंख्यापर्यंत पोहोचत नाही. आराखडा आला की झाकण पाण्याच्या पातळीच्या चांगलं वर आहे ना ते विचारा. झाकण नीट न आवळल्यामुळे आणि ते फार खाली असल्यामुळे बोटी बुडाल्या आहेत. आणि त्याच कारागिराची पाण्यात असलेली एखादी बोट मागा, बाही वर करा, आणि पंख्याचं पातं बोटांना लागतं का ते स्वतः बघा.