गटात चाल बांधताना: पोरांना मोकळं सोडायचं की कामं वाटायची?

आठवीची ४० मुलं, ३५ मिनिटांचा तास, एकच पेटी आणि गोदावरीवरच्या चार ओळींना चाल लावायची. गट पाडायचे हे नक्की. कसे पाडायचे, तिथे गाडी अडते.

सोपा मार्ग म्हणजे मित्रमित्र एकत्र बसवायचे, ओळी द्यायच्या आणि आपण बाजूला व्हायचं. वर्गात जान येते, खोटं कशाला बोलू. पण नाशिकच्या शाळेत ढोल पथकात जाणारी दोन-चार पोरं असतातच. गणपती होऊन महिना झाला तरी त्यांचे हात थांबत नाहीत. बाकावर ठेका धरला की गट त्यांचाच. माझ्याकडे एका गटाची चाल फक्कड झाली होती. खोदून विचारलं तर सगळी एकट्याची, बाकी तिघं टाळ्या द्यायला.

दुसरा मार्ग ‘जिगसॉ’चा, म्हणजे प्रत्येकानं एकेक तुकडा शिकायचा आणि तो आपल्या गटाला शिकवायचा. इलियट ॲरन्सन यांनी तो १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला काढला, गोऱ्या-काळ्या मुलांना प्रथमच एका वर्गात बसवल्यावर उसळलेली तेढ कमी करायला. आपल्याकडे असा बसतो: चौघांचे दहा गट, प्रत्येकात ठेका, सूर, शब्द आणि लिपी (म्हणजे चाल स्वरांत लिहून काढणं) सांभाळणारा एकेक. सगळे ठेकेवाले एकत्र येऊन केरवा तालाच्या ८ आणि दादरा तालाच्या ६ मात्रा हातावर पक्क्या करतात. सूरवाले भूप रागाचे पाच स्वर घोटतात. म आणि नी नसल्यानं नवख्याचंही फार बिघडत नाही. (स्वर लिहायच्या लिप्या दोन, विष्णु दिगंबर पलुस्करांची आणि भातखंड्यांची. पलुस्करांचा आश्रम नाशकातला म्हणून जीव तिकडे ओढतो, पण माझ्या मुलांना भातखंडे लिपी लवकर उमजली.) मग जो तो आपल्या गटात परतून इतरांना शिकवतो.

इथेच मी एकदा आपटलो. चाल बांधायचं कामही चौघांत वाटून दिलं. ठेका आला दादऱ्याचा, ओळ बसली केरव्यात, पट्टी तिसरीच. इतिहासाचा धडा तुकड्यांत वाटता येतो, चाल नाही येत. तेव्हापासून शिकणं वाटून देतो, बांधायला मात्र चौघं एकाच बाकावर.

मोकळ्या गटांचं काम दोन तासांत उरकतं, जिगसॉला चार लागतात. निवडक, गाणारी मुलं असतील तर मोकळंच सोडा. सगळा वर्ग असेल तर जिगसॉ, आणि सादरीकरणाआधी चिठ्ठी काढून कुणालाही दुसऱ्याचा भाग वाजवायला लावा. स्नेहसंमेलन आठ दिवसांवर असेल तर दोन्ही नको, चाल तुम्हीच द्या.