छताला ओल आली: खर्च वरच्याचा, सोसायटीचा, बिल्डरचा की तुमचा?

बाथरूमच्या छताला पोपडे धरले की लोक थेट वरच्या मजल्यावर जाऊन बेल वाजवतात. माझं म्हणणं, आधी प्लंबरला बोलवा. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायटीच्या नमुना नियमावलीनुसार, पाणी कुठे दिसतं याला महत्त्व नाही. ते कुठून येतं, त्यावर खर्च कोणाचा ते ठरतं. हे लेखी हातात नसेल तर पुढचं बोलणं नुसतं भांडण होतं.

मुख्य प्रश्न सोसायटी की वरचा शेजारी, हाच. बाहेरची सामाईक पाण्याची लाइन, ड्रेनेज, टाक्या, गच्ची, बाहेरच्या भिंती आणि पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीकडे. गच्चीतून पाणी मुरून शेवटच्या मजल्यावरच्या छताचं प्लास्टर सुटलं तर तेही सोसायटीनेच करून द्यायचं. दुरुस्ती निधी त्यासाठीच असतो. बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के इतकी वर्गणी सभासद भरत असतात. ‘सध्या निधी नाही’ म्हणून समितीची जबाबदारी संपत नाही.

फ्लॅटच्या आतल्या संडास, बाथरूम, सिंकच्या गळतीचा खर्च मात्र संबंधित फ्लॅटधारकांनी आपसांत बोलून करायचा. इथे उपविधी मोघम आहेत आणि म्हणूनच निम्मे-निम्मे ही तडजोड रूढ झाली आहे. जुन्या इमारतीत मूळचं वॉटरप्रूफिंगच संपलं असेल तर ती मला मान्य आहे. पण वरच्यांनी फरशी बदलली, कमोडची जागा हलवली आणि त्यानंतर ओल सुरू झाली, तर खालच्याने एक रुपयाही का द्यावा?

उगम शोधायला लागलीच फरशी उखडू नका. वरच्या घराचा गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद ठेवून पाहा. टपकणं मंदावलं तर संशय कन्सील्ड, म्हणजे भिंतीत-फरशीत दडवलेल्या पाइपवर. स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी काही दिवस पाझरत राहतं, म्हणून खात्रीसाठी प्लंबरकडच्या दाब तपासायच्या हातपंपाने लाइनला दाब द्यायचा आणि गेजचा काटा उतरतो का ते बघायचं. काटा जागचा हलला नाही तर नहाणी ट्रॅपला (फरशीतल्या निचऱ्याच्या तोंडाला) घट्ट बूच मारून बाथरूममध्ये दोन बोटं रंगीत पाणी चोवीस तास उभं करा. खाली रंग उतरला तर वॉटरप्रूफिंग गेलंय. पाणी साठलेलं असताना काहीच होत नाही आणि बूच काढल्यावर टपकतं, तर दोष ट्रॅपच्या सांध्यात किंवा निचऱ्याच्या आडव्या पाइपात. हा पाइप बहुतेक इमारतींत खालच्या घराच्या छताखाली लटकतो, त्यामुळे खालच्यालाच तो आपला वाटतो. वापर वरच्यांचा, म्हणून माझ्या मते डक्टमधल्या (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या मोकळ्या जागेतल्या) उभ्या सामाईक पाइपला मिळेपर्यंत खर्चही त्यांचाच. तिथून पुढे सोसायटी.

ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील तर मात्र वरच्याशी वाद घालण्याआधी बिल्डर गाठा. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम १४ नुसार ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष निदर्शनास आणून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामोबदला दूर करायचा असतो. चारही पर्यायांत तुमच्या खिशाला हाच सगळ्यात हलका. तोंडी सांगून थांबू नका, मुदत संपायच्या आत पत्र पोचल्याची पोच घ्या. नंतर स्वतःच फोडाफोड केली असेल तर दोष मूळ कामातला हे पटवणं जड जातं.

विम्याकडून फार आशा ठेवू नये. १ एप्रिल २०२१ पासून मिळणाऱ्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत टाकी किंवा पाइप फुटून झालेलं नुकसान येतं. वर्षानुवर्षं झिरपून आलेली ओल वेगळी, ती झीज समजली जाते.

उरला स्वतः पैसे घालण्याचा मार्ग. वरचे दार उघडत नाहीत म्हणून खालून केमिकल मारून रंग द्यायचा मोह होतो. असं करू नका. पाणी स्लॅबमध्येच राहतं, आतल्या सळया गंजून फुगतात आणि पुढे काँक्रीटचे तुकडे सुटू लागतात. तेव्हा बिलही मोठं आणि जिवाला धोकाही. घाईच असेल तर प्लंबरचा सहीचा अहवाल, फोटो आणि वरच्यांना व सोसायटीला आधी पत्र, इतकं झाल्यावरच खर्च करा, म्हणजे नंतर मागता येतो.

वरचे आत येऊच देत नसतील तर समितीला लेखी कळवा. दुरुस्तीची गरज आहे का हे पाहायला सचिवांनी रीतसर कळवल्यावर सभासदाने फ्लॅट दाखवणं उपविधींनुसार बंधनकारक आहे. तरीही अडलं तर अंतर्गत दुरुस्ती आणि गळतीचे वाद सहकार न्यायालयात जातात. तिथे वेळ लागतो, म्हणून खर्च थोडा असेल तर निम्म्यावर मिटवणं परवडतं. कन्सील्ड लाइन नवी टाकायची असेल, तर मी निम्म्यावर सही करणार नाही.