हेडलाइटखालचे ५२ डॉलर

आधी निकाल सांगून टाकते. मिशिगनचं स्नोमोबिल ट्रेल परमिट, म्हणजे बर्फावर पट्ट्यावर पळणारी मोटारसायकल राज्याच्या बर्फवाटांवर (ट्रेलवर) चालवायच्या परवान्याचा स्टिकर, किंमत ५२ डॉलर, मुदत १ ऑक्टोबर ते ३० सप्टेंबर. पाचपैकी चार तारे. एक तारा का कापला ते पुढे येईलच.

आम्ही डेट्रॉइटजवळ राहतो, म्हणजे बर्फ दारातच असतो. पण स्नोमोबिलसाठी आम्ही वर जातो, मॅकिनॉ पुलाचा ४ डॉलर टोल भरून पलीकडे यूपीत (अप्पर पेनिन्सुला, मिशिगनचा उत्तरेकडचा भाग), आणि तिथून पुन्हा पाच तास, ह्यूटनला. लेक सुपीरियरवरून येणारा वारा तिथे डिसेंबरपासून बर्फ ओततो. घरून साडेपाचशे मैल. माझा नवरा मंदार दरवर्षी म्हणतो की एवढ्या वेळात आपण मिरजेच्या निम्म्या वाटेवर असतो. म्हणतो आणि गाडी चालवतो.

पहिल्या वर्षी स्लेड भाड्याने घेतली. (स्नोमोबिलला इथे कुणी स्नोमोबिल म्हणत नाही, स्लेडच म्हणतात.) दुकानदार म्हणाला, परमिट भाड्यातच धरलंय, काळजी नको. चार मैलांवर अधिकाऱ्याने हात दाखवला. स्टिकर गेल्या वर्षीचा! अधिकारी बिचारा सभ्य, त्याने आम्हाला नाही, दुकानाला फोन लावला. नवा स्टिकर येईपर्यंत आम्ही झाडाखाली उभं राहून थर्मासमधला चहा संपवला. भाडं तासावर होतं. तो गेलेला तास दुकानदाराने काही परत दिला नाही. तेव्हा भाड्याने घेणार असाल तर हेल्मेट डोक्यात बसतं का हे बघायच्या आधी हेडलाइटकडे बघा.

कारण स्टिकर तिथेच लागतो. स्लेडच्या पुढच्या अर्ध्या भागावर, हेडलाइटच्या बरोबर वर किंवा बरोबर खाली. दुसऱ्या वर्षी आम्ही सेकंडहँड दोन सीटची स्लेड घेतली आणि मी शहाणपणाने तो विंडशील्डवर चिकटवला. तो काढून खाली लावायला गेले तर गॅरेजमध्ये उणे बारा, डिंक धरेना. शेवटी लेकीचा, ईराचा, हेअर ड्रायर आणून हेडलाइटखालचं प्लास्टिक शेकवलं, मग कुठे तो बसला. एक कोपरा अजून उचललेलाच आहे. आणि हो, परमिट म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी वेगळी, तीन वर्षांची ३० डॉलर. आमच्या ओळखीतल्या दोघांनी नोंदणी करून परमिट झालं असं समजून हिवाळा काढला. नशीब त्यांचं. परमिट माणसाला नसतं, स्लेडला असतं, त्यामुळे घरात दोन स्लेड असतील तर १०४ डॉलर धरून चाला. राज्याबाहेरून येणाऱ्यांनाही तीच किंमत.

आता पैसे जातात कुठे. माझे आण्णा पीडब्ल्यूडीत मुकादम होते. रस्ता म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे आधी घमेली, पाट्या आणि डांबराचं पिंप येतं, गाड्या नंतर. त्यामुळे पहिल्या दिवशी सकाळी नऊला तो ट्रेल पाहिला तेव्हा मी उतरून बुटाने दाबून बघितला. पांढरा, सपाट, वर बारीक रेघांची नक्षी, आणि टणक. संध्याकाळी चारला त्याच ट्रेलवरून परतताना माझे दात एकमेकांवर आपटत होते. शनिवारची गर्दी होऊन गेलेली. प्रत्येक स्लेड वेग घेताना मागचा पट्टा बर्फ उकरतो, ब्रेक मारताना पुढे ढकलतो, पुढची स्लेड त्याच खड्ड्यात आपटून तो आणखी खोल करते. दिवसभरात उंटाच्या पाठी तयार होतात, एकापाठोपाठ एक, गुडघाभर. हे सगळं रात्रीतून परत सपाट व्हायचं असतं.

ते करणारं यंत्र, म्हणजे ग्रूमर, मी दुसऱ्या वर्षी ट्विन लेक्सला मुक्कामी असताना जवळून पाहिलं. रात्री दहाला खिडक्या हादरल्या. बाहेर पट्ट्यांवर चालणारं ट्रॅक्टरसारखं धूड, त्यामागे लांबलचक ड्रॅग. ड्रायव्हर स्थानिक क्लबचा, साठीच्या पुढचा, डिझेल भरायला थांबला होता. ईराला त्याने केबिनमध्ये बसू दिलं. मी आण्णांना व्हिडिओ कॉल लावला, तिकडे सकाळ होती.

"रोलर कुठाय?" आण्णांचा पहिला प्रश्न.

ड्रायव्हरला विचारून सांगितलं की ड्रॅगच्या पोटात पाती आहेत, ती उंचवटे तासतात. तासलेला बर्फ आत घुसळला जातो, आणि शेवटी जड पत्रा तो दाबत जातो. वेग माणूस पळेल एवढाच. रात्री काम करायचं कारण थंडी. दाबलेल्या बर्फाला घट्ट व्हायला काही तास पडून राहावं लागतं, आणि तेवढा वेळ वरून कुणी जायला नको.

"म्हणजे डांबर नाही, खडी नाही," आण्णा म्हणाले, "रोज उकरायचं आणि रोज दाबायचं. मग हा रस्ता नव्हे गं, हे सारवण आहे."

मी हे इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला. शेणाशी येऊन अडकले.

ड्रायव्हरने सांगितलं ते मात्र नीट कळलं. असं एक यंत्र अडीच-तीन लाख डॉलरच्या घरात जातं. राज्य क्लबला पैसे देतं ते जेवढे मैल सारवले तेवढ्याचे (आता मीही सारवलेच म्हणणार). मिशिगनमध्ये असे ६,००० मैलांहून जास्त ट्रेल आहेत, आणि बराच भाग लोकांच्या खासगी जमिनीतून जातो. मालकाने नाही म्हटलं की ट्रेल तुटला. फलक, झाडं तोडणं, पूल, सगळं मुख्यतः या स्टिकरच्या जिवावर. ह्यूटनहून मास सिटीकडे जाणारा बिल निकोल्स ट्रेल घ्या. ४० मैलांचा, तांब्याच्या खाणींच्या काळातल्या रेल्वेमार्गावरचा. शेवटाकडे फायरस्टील नदीवर एकामागोमाग तीन उंच पूल लागतात. मधल्या पुलावर मी खाली बघितलं आणि मनातल्या मनात आणखी ५२ डॉलर देऊन टाकले. ह्यूटनचा उचलता पूलही बघाच. हिवाळ्यात तो असा ठेवतात की खालच्या मजल्यावरून स्लेड जातात आणि वरून मोटारी.

खाण्याचं एका वाक्यात: पॅस्टी मिळते, खाणकामगारांचा जुना डबा, बटाटा-मांस भरलेली ढब्बू करंजी, आमच्या लसणाच्या चटणीबरोबर उत्तम.

आता कापलेला तारा. मिशिगनमध्ये एक-दोन दिवसांचं परमिटच नाही. जो हंगामात दोन हजार मैल फिरतो त्यालाही ५२ आणि आम्ही वर्षातून एकदा चार दिवस जातो तरी ५२. पलीकडे कॅनडात, ओंटारिओत, मोजक्या दिवसांचं परमिट मिळतं. अर्थात तिथलं पूर्ण हंगामाचं आपल्या तिप्पट-चौपट महाग पडतं आणि १ नोव्हेंबर उलटला की आणखी चढतं, त्यामुळे फार बोलायची सोय नाही. फेब्रुवारीत एक शनिवार-रविवार मिशिगन परमिटशिवाय फिरू देतं. ज्यांना फक्त चव घ्यायचीय त्यांनी तो साधावा, पण तेव्हा ट्रेलवर लक्ष्मी रोड असतो.

२०२३-२४च्या हिवाळ्यात मी खरी चिडले होते. स्टिकर ऑक्टोबरातच घेऊन ठेवलेला, आणि बर्फच पडेना. अख्ख्या यूपीत कुत्र्यांच्या स्लेडच्या शर्यतीसुद्धा रद्द झाल्या. आमची स्लेड गॅरेजमध्ये चादर पांघरून बसली. पैसे परत वगैरे काही नाही. पुढच्या वर्षी त्याच ड्रायव्हरला हे ऐकवलं तर तो म्हणाला, आम्हाला मैलाचे पैसे, मैलच नाहीत, पण यंत्राचा हप्ता दर महिन्याला. मी गप्प बसले. तारा मात्र परत दिलेला नाही.

या जानेवारीत शेवटच्या सकाळी मंदारला सहालाच निघायचं होतं. मी म्हटलं, ग्रूमर चारला गेलाय, आवाज ऐकलाय मी, आठपर्यंत थांब. कुरकुरत थांबला. दोनदा चहा झाला. आठला निघालो तर आमच्याआधी कुणीतरी जाऊन आलं होतं. दोन स्लेड, जाताना आणि येताना, ओल्या सारवणावरून कोंबड्या फिराव्यात तसं सगळं उकरून. स्टिकर त्यांनीही लावलेला असणारच.