मुंबईच्या धर्मप्रांताचा आरंभकाळ: एका वारसा-फेरीबद्दल अभिप्राय

मुंबईच्या अँग्लिकन (म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतील) धर्मप्रांताचा, म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतील क्षेत्राचा, आरंभकाळ हा विषय घेऊन फोर्टमधील सेंट थॉमस कॅथेड्रलपासून कुलाब्याच्या अफगाण चर्चपर्यंत नेणारी ही फेरी, केवळ जुन्या इमारती दाखवणाऱ्या नेहमीच्या फेऱ्यांपेक्षा निश्चितच वरच्या दर्जाची आहे. तिचा पहिला भाग उत्तम आहे, मात्र ज्या घटनेच्या नावाने ती भरवली जाते त्या घटनेकडे, म्हणजे १८३७ मध्ये मुंबईला पहिला बिशप मिळण्याकडे, पोहोचेपर्यंत तिचा वेळ संपत आलेला असतो.

सुरुवात कॅथेड्रलच्या आवारात होते. गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर यांच्या काळात, १६७६ च्या सुमारास, चर्चच्या भिंती उठू लागल्या. पण त्यांच्यानंतर काम थांबले आणि अर्धवट भिंती जवळजवळ चाळीस वर्षे तशाच उभ्या राहिल्या. रिचर्ड कॉब या पाद्र्याने १७१५ पासून वर्गणीसाठी तगादा लावला, तेव्हा कुठे १७१८ च्या नाताळच्या दिवशी चर्च उघडले. मार्गदर्शकांनी इथे घाई केली नाही. त्या समारंभाला मुंबईतील मातब्बर शेणवी व्यापारी रामा कामत आपल्या जातबांधवांसह हजर होता आणि उपासना त्याला इतकी आवडली की तो शेवटपर्यंत थांबला, हे कॉबनेच लिहून ठेवले आहे. वाळकेश्वराच्या देवळाचा १७१५ मधील जीर्णोद्धार याच कामताच्या नावावर आहे. पुढे १७२० मध्ये, कान्होजी आंग्रे यांच्याशी संधान बांधल्याच्या आरोपावरून, कंपनी सरकारने त्याच्यावर खटला चालवून त्याला तुरुंगात टाकले आणि त्याची मालमत्ता जप्त केली. ज्या पत्रांच्या आधारे हे झाले ती बनावट असल्याचे नंतर उघड झाले. हा सगळा प्रसंग चर्चच्या दारातच ऐकवण्याची कल्पना फार चांगली आहे, कारण चर्च, व्यापार आणि किल्ल्यातली सत्ता यांत त्या काळी भिंत नव्हती हे श्रोत्याला वेगळे सांगावे लागत नाही.

आतील स्मारकांवरही भरपूर वेळ दिला जातो. गव्हर्नर जोनाथन डंकन यांचे स्मारक आणि नेपोलियनला आपल्या जहाजावर ताब्यात घेणारे नौदल अधिकारी मेटलंड यांचे स्मारक, ही दोन्ही पाहण्यासारखी आहेत. पण मेटलंड यांच्या निमित्ताने नेपोलियनच्या शरणागतीची अख्खी कथा सांगण्याची गरज नव्हती. ती ऐकायला रंजक असली, तरी धर्मप्रांताशी तिचा काडीमात्र संबंध नाही.

हाच वेळ एका प्रश्नासाठी राखता आला असता. चर्च १७१८ मध्ये उघडले, मग बिशप १८३७ पर्यंत का नव्हता? अँग्लिकन व्यवस्थेत पाद्र्यांना दीक्षा देणे, बाप्तिस्मा झालेल्यांचे दृढीकरण करणे (म्हणजे त्यांच्या डोक्यावर हात ठेवून त्यांची श्रद्धा पक्की करण्याचा विधी) आणि चर्चचे विधिवत समर्पण करणे ही कामे बिशपशिवाय होत नाहीत. मुंबईतला चॅप्लेन, म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्यांच्या आणि सैनिकांच्या उपासनेसाठी नेमलेला पाद्री, हा मात्र ईस्ट इंडिया कंपनीचा पगारी नोकर होता आणि त्याच्यावर हुकूम चालायचा तो गव्हर्नर व त्याच्या कौन्सिलचा. खुद्द कॉबलाही कौन्सिलशी खटके उडून मुंबई सोडावी लागली. कंपनीची सनद वाढवून देणाऱ्या ब्रिटिश संसदेच्या १८१३ च्या सनदी कायद्याने कलकत्त्याला बिशप दिला आणि मुंबईला केवळ एक आर्चडीकन, म्हणजे बिशपच्या हाताखालचा वरिष्ठ पाद्री. कलकत्त्याचे पहिले बिशप मिडलटन १८१६ मध्ये मुंबईत आले, तेव्हा या चर्चचे समर्पण झाले, म्हणजे उघडल्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी. ही गोष्ट कॅथेड्रलमध्ये उभे राहून ऐकण्यात जी मजा आहे ती नेपोलियनमध्ये नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

१८३३ च्या सनदी कायद्याने मद्रास आणि मुंबई येथे स्वतंत्र बिशप नेमण्याची तरतूद केली. मद्रासला तो १८३५ मध्ये मिळाला आणि मुंबईला १८३७ मध्ये. कंपनीचा चॅप्लेन म्हणून पश्चिम भारतात बरीच वर्षे काढलेले आणि पुढे मुंबईचे आर्चडीकन झालेले थॉमस कार हे पहिले बिशप झाले, सेंट थॉमस हे त्यांचे कॅथेड्रल, म्हणजे बिशपचे मुख्य चर्च, ठरले आणि पुढच्याच वर्षी त्याला मनोरा चढला. कार यांच्या स्मारकासमोर मार्गदर्शक दोन-चार वाक्ये बोलून पुढे निघाले. वास्तविक याच ठिकाणी सांगण्यासारखे सर्वांत जास्त होते. बिशपचा वार्षिक पगार कायद्यातच २४,००० सिक्का रुपये (कंपनीच्या काळातले एक चांदीचे नाणे) असा ठरवला होता आणि तो इथल्याच महसुलातून जायचा. म्हणजे गुजरात, कोकण आणि देशावरचा जो रयत सारा भरत होता, त्याच्या पैशावर गोऱ्या सैनिकांची आणि अधिकाऱ्यांची धर्मव्यवस्था चालत होती. मिशनरी संस्थांचा खर्च विलायतेतल्या वर्गण्यांतून भागे, चॅप्लेनांचा सरकारी तिजोरीतून, आणि या दोन्हींना एका छत्राखाली आणण्याचे काम नव्या बिशपकडे आले. धर्मप्रांत म्हणजे नेमके काय, हे इथे समजले असते.

अफगाण चर्चचा टप्पा लहान पण नेटका आहे. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेल्या या चर्चचे समर्पण दुसरे बिशप जॉन हार्डिंग यांनी १८५८ मध्ये केले, हे सांगून धर्मप्रांताचा धागा पुन्हा पकडला जातो. १८५७ च्या उठावानंतर लगेचचा तो काळ होता, हेही सांगितले असते तर बरे झाले असते. रंगीत काचा पाहण्यासाठी पुरेसा वेळ मिळतो.

निवेदन इंग्रजीत आहे. मराठीत विचारलेल्या प्रश्नांना मात्र मार्गदर्शक आनंदाने मराठीत उत्तरे देतात. शुल्क वाजवी आहे, फोर्ट ते कुलाबा हा प्रवास आयोजकांच्या गाडीने होतो आणि पायऱ्या फारशा नसल्यामुळे ज्येष्ठांनाही जाता येईल. रविवारी दोन्ही ठिकाणी उपासना असल्यास आत मनमोकळे फिरता येत नाही, म्हणून शनिवारची फेरी घ्यावी आणि कार यांच्या स्मारकापाशी मार्गदर्शकांना पगाराचा प्रश्न आपणहून विचारावा.