नीतीला किती नावे : नांदेडच्या एका कार्यशाळेविषयी

नांदेडमधील एका खासगी अभ्यासवर्गाची ‘नीती आणि भाषा’ ही दोन दिवसांची कार्यशाळा २०० रुपये शुल्क भरून पूर्ण केली. शुल्काच्या मानाने पदरात बरेच पडले, असे प्रामाणिकपणे नोंदवतो.

पहिला दिवस शब्दांच्या मुळांचा होता. ‘नीती’ हा शब्द संस्कृत ‘नी’, म्हणजे नेणे, या धातूपासून आला असून त्यात वाट दाखवण्याचा भाव आहे. ‘धर्म’ मात्र ‘धृ’, म्हणजे धारण करणे, या धातूचा. ग्रीक ‘इथॉस’मध्ये सवय आणि स्वभाव दोन्ही सामावतात, तर झुलू भाषेतील ‘उबुंटू’नुसार माणूस इतर माणसांमुळेच माणूस ठरतो. सर्वांत रंगले ते अरबीतून आलेल्या शब्दांचे सत्र. नीती या अर्थाचे ‘अखलाक’ हे स्वभाव या अर्थाच्या ‘खुलुक’चे अनेकवचन असून, निर्मितीचा ‘खल्क’ही त्याच धातूतला, हे ऐकून मी थबकलो. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिलेल्या मराठवाड्यात ‘त्याची नियत साफ आहे’ हे वाक्य आजही सहज येते, आणि आमच्याकडे ‘नैतिकता’ म्हणणारा माणूस बहुधा भाषण करीत असतो!

दुसरा दिवस फिका गेला. नीतीसाठीच्या जपानी ‘रिनरी’ या शब्दाचा केवळ उच्चार झाला, आणि आचाराचा इतका काटेकोर विचार करणाऱ्या महानुभाव पंथाचा उल्लेखही नव्हता. छापील टिपणेही मिळाली नाहीत. केवळ एकच दिवस जमणार असेल, तर पहिला निवडावा.