शाळेतली तक्रारपेटी: पत्र्याची घ्या, पण ऑफिससमोर टांगू नका

बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचारानंतर ऑगस्ट 2024 मध्ये शासनाने शाळांना तक्रारपेटीचं पुन्हा बजावलं, त्यामुळे तयार पेट्या आता सगळीकडे मिळतात. पारदर्शक ॲक्रिलिकची दिसायला छान, कामाला निरुपयोगी. आतली चिठ्ठी बाहेरून दिसते आणि मुलं एकमेकांचं अक्षर लगेच ओळखतात. पत्र्याचीच घ्यावी. फटीखाली आतून उतरता पत्रा हवा, नाहीतर पट्टी घालून चिठ्ठ्या ओढून काढता येतात. फट जमिनीपासून तीन फुटांवर हवी, पहिलीच्या मुलाचा हात पोचला पाहिजे.

खरा घोळ जागेचा आहे. पेटी ऑफिसच्या दारासमोर असली की चिठ्ठी टाकणारा सगळ्यांना दिसतो. डबा हिसकावणारी, स्वच्छतागृहात अडवणारी टोळी नेमकं तिथेच लक्ष ठेवते. मधल्या सुट्टीत ‘चोंबडा’ म्हणून शिक्का बसतो आणि मार वाढतो. पिण्याच्या पाण्याजवळची जागा बरी, तिथे सगळेच जातात. त्याहून उत्तम म्हणजे दर शुक्रवारी पेटी वर्गात फिरवायची. प्रत्येकाला सारखीच छापील चिठ्ठी: काय झालं, कुठे, कधी, यावर फक्त खुणा. काही घडलं नसेल तर तशीही खूण. घडी घालून सगळ्यांनीच टाकायची, म्हणजे सांगणारा कोण हे कळत नाही.

कुलपं दोन हवीत, एक किल्ली मुख्याध्यापकांकडे, दुसरी पालक प्रतिनिधीकडे. किल्ली एकाच्याच खिशात असेल तर शिक्षकाविरुद्धची चिठ्ठी कोण टाकेल?

चिठ्ठी वर्गात वाचून दाखवली, ‘ही कोणी लिहिली?’ विचारलं किंवा दोघांना समोरासमोर उभं करून हात मिळवायला लावला, की पुढे पेटीत काही पडत नाही. अशी रिकामी पेटी दाखवून ‘शाळेत सगळं आलबेल’ असा अहवाल कृपा करून पाठवू नका. खुणांवरून जागा आणि वेळ कळते. तक्रार करणाऱ्याला न शोधता त्या वेळी तिथे शिक्षक उभा करा.

पेटी मात्र रोज उघडावी. लैंगिक छळाची चिठ्ठी निघाली तर पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आधी शाळेत ‘मिटवून’ बघायची मुभा नाही. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

पेटीवर 1098 हा बाल हेल्पलाइनचा नंबर ठळक रंगवून घ्या. तो मोफत आहे आणि चोवीस तास चालतो.